निकूची विहीर

लेकीच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नाही, हा सावळीरामतात्यांचा नेम. कोथिंबिरीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, अगदीच काही नसलं तर बांधावरची चार लिंबं, पण हातात पिशवी हवीच. यंदा श्रावणात मात्र त्यांनी कमाल केली. निफाडकडच्या मळ्यातून थेट गंगापूर रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर ते पाणी घेऊन आले. वीस लिटरचा निळा कॅन, खांद्यावर, आणि तोही जिन्यानं. लिफ्ट होती की. पण मध्येच वीज गेली तर खोक्यात कोंडून घ्यायला आपण काय द्राक्षं आहोत का, असं त्यांचं म्हणणं.

निकितानं दार उघडलं तेव्हा बाळ तिच्या कडेवर होतं आणि तात्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"तात्या, हे काय आणलंत?"

"पाणी. तूच म्हणलीस ना आईला, नळाला गढूळ येतंय म्हणून."

म्हणाली होती खरी. आदल्या दिवशी आईशी, म्हणजे लंकाबाईंशी, फोनवर बोलताना ती बोलून गेली होती. समोरचा रस्ता खणलेला, पाइप बदलायचं काम चाललेलं, त्यामुळे नळाला पिवळट पाणी येत होतं आणि त्याला औषधाचा उग्र वास होता. आता आईशी बोलताना माणूस शंभर गोष्टी बोलतं. त्यातली नेमकी एक उचलून आई तात्यांच्या कानात घालते आणि दुसऱ्या दिवशी तात्या दारात उभे असतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर निकिताला हे कळायला हवं होतं, पण आईशी बोलताना सावध कोण असतं.

"पोरीला वरचं दूध चालू केलंस ना?" तात्यांनी कॅन ओट्याखाली सरकवला. "त्या दुधात हे नळाचं घालणार व्हय? आपल्या विहिरीचं घाल. तुझ्या नावाचं पाणी हाय ते. तुझ्या लेकीनं पेयाचं नाय तर कोणी?"

बाळाचं बारशातलं नाव इरा होतं, पण ते कागदापुरतं. घरात सगळे ठकू म्हणायचे. ठकू साडेतीन महिन्यांची, गोल गालांची आणि भयंकर रागीट. निकिता चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, तिची रजा संपत आली होती, म्हणून बाटलीची सवय लावणं चाललं होतं. डब्यातली पावडर, उकळलेलं पाणी, आणि बाटली तोंडाला लावली की ठकूचा आरडाओरडा. त्या आरड्याओरड्यातच तात्यांचं पाणी घरात आलं.

विहिरीला निकिताचं नाव कसं पडलं, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. निकिताचा जन्म झाला त्या साली तात्यांनी मळ्यात विहीर खणायला घेतली होती. खाली खडक लागला, भावकीतले हसले, खणणारे कंटाळले. निकिताच्या बारशाच्या दिवशी बायका पाळण्याशी जमल्या होत्या आणि तात्या चिखलानं माखलेले, धोतर खोचलेले, धावत घरात शिरले. पाणी लागलं, एवढंच बोलले आणि पाळण्याशी मटकन बसले. पुढे कठड्याचं सिमेंट ओलं असताना त्यांनी त्यावर बोटानं "निकू" लिहिलं. ती अक्षरं अजून आहेत. आजूबाजूच्या मळ्यांतल्या विहिरी आटायच्या, निकूची आटायची नाही. शेजारच्या वस्तीवरच्या सिंधुबाई आजही त्याच विहिरीवरून प्यायचं पाणी नेतात. गावात "निकूवर गेलो होतो" म्हणजे पाण्याला गेलो होतो, असं सरळ समजतात. लहानपणी निकिताला याचा केवढा तोरा होता. शाळेत मुली चिडवायच्या, तरी होता.

तर तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी निळा कॅन यायला लागला. तात्या भाजीपाला घेऊन गावातल्या भारतच्या पिकअपमधून मार्केट यार्डात यायचेच. माल उतरवला की भारत त्यांना गंगापूर रोडला सोडायचा आणि तात्या भरलेला कॅन ठेवून रिकामा घेऊन जायचे. ठकूला मांडीवर घ्यायचे, तिच्या मुठीत आपलं राकट बोट द्यायचे आणि चहा पिऊन उठायचे. निकिता ते पाणी चांगलं खळखळून उकळायची. एकदा उकळलं की परत उकळायची. तात्यांनी एवढ्या लांबून आणलेलं, मग त्यात आपणही काही घालायला नको का, म्हणून ती उकळायची मेहनत घालायची.

सोमनाथला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे सासऱ्याचं पाणी पटत नव्हतं, पण जावयानं बोलावं किती यालाही मर्यादा असते. तो सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजून हा बरोबर, हा चूक, असं करायचं काम, त्यामुळे घरातही त्याला प्रत्येक गोष्ट मोजायची खोड. त्यानं तुरटी फिरवून पाहिली, नळाला फडकं बांधून पाहिलं, आणि शेवटी फिल्टर घ्यायचा म्हणून एका विक्रेत्याला बोलावलं. नेमका गुरुवारी. नेमके तात्या चहा पीत बसलेले.

विक्रेता टाय लावून आला होता आणि त्याच्याकडे दोन सळयांचं एक यंत्र होतं. त्यानं नळाचं पाणी ग्लासात घेतलं, सळया बुडवल्या, बटण दाबलं. बघता बघता पाणी तांबडं झालं.

"बघा सर, हे तुमचं बाळ पितंय," विक्रेता म्हणाला.

तात्या खूश झाले. "मी काय म्हणत होतो? आता हे घाल त्याच्यात." असं म्हणून त्यांनी स्वतः कॅनमधलं पाणी ग्लासात ओतून दिलं.

विक्रेत्यानं सळया बुडवल्या. विहिरीचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर बदललं, आणि तांबडंही नाही, काळपट हिरवं झालं. वर फेस आला.

"बाबा, तुमचं तर जास्तच खराब आहे," विक्रेता म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक तो कुणाशी बोलतोय.

तात्या उठले. त्यांनी ग्लास उचलला, मोरीत ओतला, आणि यंत्र त्या माणसाच्या पिशवीत स्वतःच्या हातानं भरलं. "सळ्या गंजत्यात तुमच्या. लोखंडाला मीठ लागलं की गंज सुटतो, पाण्याला कशापायी नावं ठेवतो? आमच्या विहिरीवर गाव जगलंय. चल, नीघ."

तो गेल्यावर सोमनाथनंही कबूल केलं की तात्या बरोबर आहेत. ती सळयांची गंमत म्हणजे निव्वळ फसवणूक, पाण्यात जास्त क्षार असले की गंज जास्त, एवढंच. तात्यांची छाती फुगली. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला. त्या विजयानंच पुढे सगळा घोळ केला.

कारण पुढच्याच आठवड्यात ठकूला टोचून घ्यायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "दूध कुठल्या पाण्यात करता?"

"माझ्या माहेरच्या विहिरीच्या," निकितानं कौतुकानं सांगितलं. "वडील आणून देतात. दोनदा उकळते."

"माहेर कुठलं?"

"निफाडकडचं. द्राक्षाचा मळा आहे."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. बागेला घातलेलं खत पावसाबरोबर जमिनीत मुरतं आणि विहिरीत उतरतं. त्यातून पाण्यात नायट्रेट वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण एवढ्या लहान बाळाचं रक्त त्यानं प्राणवायू नीट वाहून नेत नाही, ओठ निळे पडतात. आणि उकळून जंतू मरतात, हे जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं.

"म्हणजे मी दोनदा उकळत होते ते..."

"तुम्हाला काय माहीत असणार? बाळ ठीक आहे. पण आजपासून ते पाणी बंद, आणि तपासून घ्या."

घरी येताना रिक्षात निकितानं ठकूचे ओठ इतक्या वेळा पाहिले की ठकू चिडून रडायला लागली. रडताना ओठ लालभडक झाले, तेव्हा कुठे निकिताचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर तिनं पोरीला खिडकीशी उजेडात नेलं आणि परत पाहिलं. मग ती स्वतः रडली.

सोमनाथनं पाणी सातपूरच्या एका प्रयोगशाळेत दिलं. नळाचं एक आणि विहिरीचं एक. तिथून त्याला फोन आला तो त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून घेतला आणि नुसतं हूं हूं म्हणत राहिला. प्यायच्या पाण्यात नायट्रेट लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. निकूच्या विहिरीचं एकशे दहा आलं होतं. नळाच्या पाण्यात नायट्रेट नावालाच, गाळ मात्र होता आणि थोडे जंतू, खणलेल्या रस्त्यातल्या पाइपातून आले असणार. म्हणजे जे पाणी बघून नाक मुरडत होतो ते गाळून, जंतू मारून सहज पिता येणारं, आणि जे आरशासारखं स्वच्छ ते बाळाला नको.

फिल्टरही मग साधा घेतला. नळाला येणारं धरणाचं पाणी मुळात हलकं, त्याला क्षार काढणारं महागडं यंत्र लागत नाही, गाळ अडवणारी नळी आणि जंतू मारणारा दिवा पुरे, असं बसवणाऱ्या मेकॅनिकनंच सांगितलं. स्वतःचा धंदा कमी करून खरं सांगणारा माणूस भेटला, याचं सोमनाथला इतकं अप्रूप वाटलं की त्यानं त्याला जेवूनच जायला लावलं.

"आता तात्यांना सांग," तो जेवताना म्हणाला.

निकितानं मान हलवली. सांगते म्हणाली. सोमवारी तात्या आले, कॅन खांद्यावर, जिन्यानं, धापा टाकत. त्यांनी ठकूला उचललं आणि म्हणाले, "काय गं ठके, निकूचं पाणी पिऊन गाल बघ कसे वर आलेत." निकितानं कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. काय सांगणार? तात्या, तुमच्या विहिरीत विष आहे? ज्या विहिरीवर माझं नाव आहे, तिच्यात? आणि सांगितलं तरी ते म्हणणार, परत ते सळ्यावालं खूळ आणलंस. मग भांडण, मग रुसवा, मग कॅन नाही, सोमवार नाही, गुरुवार नाही. मांडीवर ठकू नाही. ती कॅन आत घेऊन गेली, फिल्टरच्या पाण्याचा चहा टाकला आणि तात्यांपुढे ठेवला.

"बघ," तात्या बशीतला घोट घेऊन म्हणाले, "आपल्या पाण्याचा चहाच वेगळा."

सोमनाथ उठून दुसऱ्या खोलीत गेला. हसू आवरायला गेला की राग, हे निकिताला कळलं नाही.

आता एवढं वीस लिटर पाणी करायचं काय? मोरीत ओतायला तिचा हात होईना. माहेरचं पाणी, तेही तात्यांच्या खांद्यावरून आलेलं. मग तिनं ते गॅलरीतल्या कुंड्यांना घालायला सुरुवात केली. मोगरा, तुळस, कढीपत्ता, एक मिरचीचं रोप. कुंड्यांना काय, त्यांनी आनंदानं घेतलं.

"तू त्यांना फसवते आहेस," सोमनाथ एकदा म्हणाला.

"मी त्यांना जपते आहे," निकिता म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

मध्येच घरून फोन आला, की साधनाला दिवस गेलेत. साधना म्हणजे निकिताच्या धाकट्या भावाची, साईची बायको. लंकाबाई फोनवर हसत होत्या आणि रडत होत्या. निकितालाही खूप आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या मागोमाग एक विचार आला. साधना तिथेच राहते. तेच पाणी पिते. निकितानं तो विचार मनातून ढकलला. मोठ्या माणसाला काही होत नाही म्हणाल्या होत्या ना डॉक्टर. बाळ यायला अवकाश आहे. तोवर सांगू की. दिवाळीला गेलो की समोरासमोर बसून नीट सांगू. असं तिनं स्वतःला समजावलं आणि समजूत पटली असं धरून चालली.

गणपती उठल्यानंतरचा सोमवार होता. तात्या आले, आणि ठकू झोपलेली होती म्हणून चहा घेऊन गॅलरीत जाऊन बसले. एरवी ते तिकडे जात नसत. निकिता स्वयंपाकघरात होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की तात्यांचा काहीच आवाज नाही.

ती बाहेर आली. तात्या मोगऱ्याच्या कुंडीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी एक पान बोटांत धरलं होतं, तळव्यावर उलटं करून बघत होते. मग मिरचीचं पान बघितलं. मग कढीपत्त्याचं.

"निके, ह्यांना काय घालतीस?"

"काही नाही, तात्या. पाणी."

"युरिया?"

"नाही हो. इथे कुठला युरिया?"

"शेणखत?"

"नाही."

तात्यांनी मोगऱ्याची फांदी वर उचलली. पानं मोठमोठी, काळपट हिरवी, तेलकट चकाकणारी. "हे बघ. पानंच पानं. एक कळी नाय. मिरचीला फूल नाय. ह्याला नत्र लय झालंय. मी जन्मभर बघत आलोय गं. बागेला नत्र जास्त पडलं की असंच होतं, नुसता पाला माजतो, घड येत नाय." ते तिच्याकडे वळले. "नळाच्या पाण्यानं असं नाय व्हयाचं. पाणी कुठलं घालतीस?"

निकितानं ओट्याखालच्या कॅनकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलं तेच तात्यांना पुरे झालं. ते उठले, आत गेले, कॅनपाशी उभे राहिले. भिंतीवर फिल्टर होता. तो त्यांनी आधीही बघितला असणार, पण आज बघितला.

मग निकितानं सगळं सांगितलं. डॉक्टर, प्रयोगशाळा, पंचेचाळीस, एकशे दहा, कुंड्या, चहा. चहाचं सांगताना तिला तोंड लपवायला जागा उरली नाही. तात्या रागावतील, सळ्यावाल्याचं नाव काढतील, विहिरीवर गाव जगलंय म्हणतील, म्हणून ती आधीच घाईघाईनं बोलत होती. नायट्रेट म्हणजे काय हे ती समजावायला लागली, तर तात्यांनी हात वर केला.

"नत्रच ना? कळलं." ते खुर्चीत बसले. "ड्रिपची टाकी विहिरीच्या कडेलाच हाय. खत मीच कालवतो तिथं. इतकी वर्सं कालवतोय. वरून सोडलेलं खालीच जाणार, आनखी कुठं जाईल?" थोडा वेळ त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. "ठकूला काय झालं नाय ना?"

"नाही, तात्या. ती छान आहे."

"कधी कळलं तुला हे?"

"श्रावणात."

तात्यांनी मान हलवली. निकिताला वाटलं, संपलं. इतकं सोपं होतं तर इतके दिवस आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला. तेवढ्यात तात्यांनी वर बघितलं.

"आन् साधना?"

निकितानं ओट्यावरचं फडकं उचललं.

"तिला चौथा लागला. ती रोज तेच पाणी पेती. तिला बाळ व्हईल, ते तिथंच वाढल. तुला श्रावणापासून ठाव हाय." तात्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर निकिताला उत्तर देता आलं असतं. "तू माझं मन राखत बसलीस? माझं मन काय करायचं, निके? मी म्हातारा माणूस, चार दिवस फुगून बसलो असतो, मग आलो असतो परत. जाणार कुठं? ठकू हितं हाय."

ही गोष्ट तिला सुचली नव्हती असं नाही. सुचली होती, आणि तिनं ती ढकलली होती. ठकूसाठी रिक्षात ज्या डोळ्यांनी ओठ बघत होती, ते डोळे साधनाच्या बाबतीत तिनं मिटून घेतले होते. वर त्याला जपणं असं नाव दिलं होतं. निकिता ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला इतकं रडू आलं की ठकू झोपेतून जागी झाली.

तात्याच आत गेले, ठकूला घेऊन आले. एका हातानं ठकू सांभाळत दुसऱ्या हातानं त्यांनी कॅन उचलला आणि उरलेलं पाणी मोरीत उपडं केलं. सगळं. निकूच्या विहिरीचं पाणी मोरीत जाताना त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत बघितलं.

"हा धुवून दे. चांगला गरम पाण्यानं. मग ह्या तुझ्या मशीनचं भर."

"वीस लिटर? वेळ लागेल, तात्या."

"लागू दे. भारतला फोन करतो, थांब म्हणावं."

फिल्टरची धार करंगळीएवढी. मळ्यात मोटार चालू केली की मनगटाएवढ्या पाइपातून पाणी उसळतं, आणि इथे तात्या स्टूल ओढून त्या करंगळीएवढ्या धारेपुढे बसले. मांडीवर ठकू. ठकूला ती धार फार आवडली, ती हात पुढे करकरून तिला धरू बघत होती. तात्या तिचा हात मागे घ्यायचे, ती परत पुढे करायची. कॅन सावकाश भरत होता. निकितानं मध्येच विचारलं, "चहा टाकू?"

"टाक," तात्या म्हणाले. "आन् ह्याच पाण्याचा टाक. चांगला होतो." मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटलंच होतं, आपल्या पाण्याचा चहा एवढा पिवळा होत नाय."

त्यावर निकिता रडता रडता हसली. आपणही फसवत होतो आणि तेही स्वतःला फसू देत होते की काय, कोण जाणे. विचारायचं धाडस तिला झालं नाही.

जाताना त्यांनी भरलेला कॅन खांद्यावर घेतला. आज पहिल्यांदाच कॅन भरलेला उतरत होता. जिन्याच्या वळणावर ते थांबले, म्हणाले, "घरी मी सांगतो. तू फोन करू नको." आणि गेले.

मंगळवारभर निकिता फोनकडे बघत राहिली. बुधवारी सकाळी तात्यांचाच फोन आला. मागे मोटारीचा आवाज होता, म्हणजे ते विहिरीवरूनच बोलत होते.

"टाकी हलवली," ते म्हणाले. "लांब नेली, पार बांधाच्या पल्याड. पण खाली गेलेलं काय लगेच निघतंय व्हय. आन् आपल्या एकट्याचं नाय ते, सगळ्या शिवाराचं हाय. साधनाला आता गावातल्या जारचं पाणी. पण तो जार भरायचा प्लांट कधी चालू, कधी बंद."

"आई काय म्हणाली?"

"आई मला बोलली, तुला बोलली, मग सिंधुबाईकडं जाऊन तिला सांगून आली. तिच्या घरी बी सून हाय ना." तात्या थांबले. "निके, एक विचारायचं हाय. विहिरीवर पाटी लावायला पायजे. येणारं-जाणारं माणूस पाणी पेतं, त्याला काय ठाव? पण कठड्यावर तुझं नाव हाय. निकू लिवलंय, आन् त्याच्या खाली मी लिवायचं की हे पाणी पिऊ नका. माझा हात होत नाय गं. विहीर तुझ्या नावाची, म्हणून तुला विचारतो. नाव खरवडून काढू का आधी?"

निकिता गॅलरीत उभी होती. मोगरा तसाच, पाल्यानं भरलेला. तिला ओल्या सिमेंटवरचं ते बोट दिसलं, जे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

"नाव राहू द्या, तात्या," ती म्हणाली. "नावाच्या खालीच लिहा. आणि असं लिहा, की निकू सांगते, हे पाणी पिऊ नका. मी सांगायला हवं होतं ना? मग आता सांगू दे."

पलीकडे तात्यांनी मोटार बंद केली.

"बरं," तात्या म्हणाले. "तसंच लिवतो. आन् ऐक, उद्या गुरुवारी येतो मी. साधनाचं पाणी संपत आलंय. पण यंदा कोथिंबीर पावसानं झोपली, लिंबं बी नायत. नुसता रिकामा कॅनच घेऊन यावा लागल. मोकळ्या हातानं आल्यासारखं व्हईल. चालल का?"

"या, तात्या," निकिता म्हणाली. "मी भरून देते."